पान एकशे अकरावरचे सहा ठिपके

महावीर चौगुल्यांच्या दुकानातून फाटकी आकृती कधी बाहेर गेली नाही. हे ते स्वतःच सांगायचे, पण करंजोळ विद्यापीठाच्या पूर्व फाटकासमोर चहा पिणाऱ्यांपैकी कुणी ते खोडून काढल्याचं ऐकिवात नाही. फाटकी म्हणजे कागद फाटलेली नव्हे. पडद्यावर गोंडस दिसते आणि छापल्यावर जिच्या रेघांना दाते फुटतात, आकडे धुरकटतात, ती आकृती ‘फाटली’ असं या धंद्यात म्हणतात. तेहेतीस वर्षांत दोन हजारांवर प्रबंध चौगुल्यांच्या हाताखालून गेले. त्यांत काय लिहिलंय हे त्यांनी कधी वाचलं नाही. समास बघायचा, ओळींमधलं अंतर बघायचं, आकृती नीट बसली का बघायची आणि पुढचं पान घ्यायचं.

पुढे प्रबंध जुळवायचं काम यंत्रं करायला लागली. तरी दुकान चालू राहिलं, कारण यंत्रं इतक्या सहजपणे इतके सुबक आलेख काढायला लागली की कुठला खरा आणि कुठला बनवलेला हेच कळेना. मग सरकारनं नियम केला, की प्रत्येक आकृतीखाली एका जबाबदार माणसाची सही हवी. त्या माणसाला परवाना मिळायचा आणि कागदोपत्री त्याला ‘आकृतीकार’ म्हणायचे. जिल्ह्यातला पहिला परवाना चौगुल्यांचा. चौकट करून दुकानात लावला होता, आणि गिऱ्हाइकाचं लक्ष तिकडे गेलं नाही तर ते वळवायची सोय चौगुले करत असत.

तर २०४२ सालच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला या आकृतीकारांच्या नावानं तळवाचन केंद्राची नोटीस आली. मजकूर चार ओळींचा होता. २०१४ सालचा अमुक प्रबंध, पान एकशे अकरा, आकृती चार पूर्णांक सात. या आकृतीत पांढऱ्या चौकोनाखाली सहा ठिपके सापडले आहेत. फाइलमध्ये आकृतीकार म्हणून आपलं नाव आहे. हे ठिपके प्रत्यक्ष मोजमापाचे होते का? होय की नाही ते कारणासह तीन दिवसांत कळवावं.

प्रबंध कुणाचा हेही त्यात होतं, पण ते वाचायची गरज नव्हती. पान एकशे अकरा म्हटल्यावरच चौगुल्यांनी ओळखलं होतं. प्रबंध त्यांच्या बायकोचा होता.

आता हे तळवाचन म्हणजे काय प्रकरण ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी वाटेल.

संगणकात चित्र दोन तऱ्हांनी ठेवता येतं. एक तऱ्हा फोटोची. बारीक रंगीत चौकोन शेजारीशेजारी मांडायचे आणि लांबून बघायचं. चित्र मोठं केलं की ते चौकोन उघडे पडतात आणि आकृती फाटते. दुसरी तऱ्हा व्हेक्टरची. तिच्यात चित्र नसतंच, चित्र काढायच्या सूचना असतात. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढ, जाडी एवढी, रंग काळा. इथं मध्य धर, एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढ, आतून भर. दरवेळी पान उघडलं की यंत्र त्या सूचना पहिल्यापासून वाचतं आणि चित्र नव्यानं काढतं. त्यामुळे टिकलीएवढं छापा नाहीतर भिंतीएवढं, रेघ स्वच्छच राहते. पुस्तकात बसवायच्या आलेखांना हीच तऱ्हा योग्य. गिऱ्हाईक कुठल्याही सॉफ्टवेअरमधला आलेख घेऊन येवो, चौगुले तो व्हेक्टरमध्येच निर्यात करून घ्यायचे आणि मगच पानात बसवायचे.

या तऱ्हेची एक खोड आहे. सूचना क्रमानं पाळल्या जातात. आधी सांगितलं ठिपका काढ आणि नंतर सांगितलं त्यावर पांढरा चौकोन काढ, तर डोळ्याला ठिपका दिसत नाही. पण ठिपक्याची सूचना फाइलीत जागच्या जागी असते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक.

तळवाचन करणारं यंत्र चित्र बघतच नाही. ते सूचना वाचतं. अक्षांवरचे आकडे घेऊन प्रत्येक ठिपक्याची जागा मोजतं आणि त्यातून मूळ मोजमाप काढतं. जुन्या अहवालांमधली हरवलेली मोजमापं परत मिळवावीत एवढ्याच साध्या हेतूनं चार वर्षांपूर्वी ते सुरू झालं होतं. झाकलेल्या ठिपक्यांचा शोध ओघातच लागला. आपल्या सिद्धांतात न बसणारे ठिपके लोकांनी किती झाकून ठेवलेत याचा कुणाला अंदाजच नव्हता. पहिल्या वर्षात चौदा लाख सापडले. त्यातले बहुतेक खरोखरच चुकीचे होते. पण एकेका विषयातले झाकलेले ठिपके एकाच कागदावर मांडल्यावर त्यातले काही मुकाट्यानं एका रेघेत येऊन बसले. एकमेकांचं नावही माहीत नसलेल्या माणसांनी पाच देशांत एकच गोष्ट बघितली होती, आणि प्रत्येकानं ती आपलीच चूक समजून झाकली होती.

ज्वारीचं असंच झालं. जमिनीचं तापमान चव्वेचाळीस अंशांवर गेलं की ज्वारीचं बी उगवत नाही, हे पाठ्यपुस्तकात आहे. झाकलेले ठिपके वेगळं सांगत होते. काही जुन्या वाणांचं बी चव्वेचाळीसला उगवत नाही खरं, पण सत्तेचाळीसच्या पुढे दोन तास तापवलं तर त्यातली संरक्षक प्रथिनं एकदम जागी होतात आणि त्यातलं निम्मं बी पुन्हा उगवतं. बाकीच्यांच्या मोजमापांत याची नुसती चाहूल होती. स्पष्ट पुरावा एकाच ठिकाणी होता, पान एकशे अकरावर. ते सहा ठिपके खरे असतील तर त्या प्रबंधातला जुना वाण पेरून बघण्यात अर्थ होता. आणि पेरून बघणं सोपं नव्हतं, कारण त्या वाणाचे बीजपेढीत एकशे साठ दाणे उरले होते. पेरलेला दाणा परत डब्यात येत नाही. पुरावा असल्याशिवाय पेढी त्यांना हात लावू देणार नव्हती. इकडे सप्टेंबरातही दुपारी जमीन सत्तेचाळीसला पोचत होती आणि शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी सलग तीन वर्षं वाया गेली होती.

हे झालं एका बाजूचं. दुसऱ्या बाजूला पद्मजा होती. ठिपके खरे ठरले तर तिनं खरी मोजमापं झाकून पदवी मिळवली असा अर्थ होत होता, आणि नव्या कायद्यात त्याला एकच शिक्षा होती. पदवी रद्द. करंजोळ विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुख डॉ. पद्मजा मगदूम या नुसत्या पद्मजाबाई झाल्या असत्या.

खरं तर तिनं काही झाकलं नव्हतं. २०१४ साली तिच्या मार्गदर्शकांचा, वणकुद्रे सरांचा, दुकानात फोन आला होता.

“चौगुले, मगदूमच्या प्रबंधात ते वर गेलेले सहा ठिपके आहेत बघा. काढून टाका. आमचा इन्क्युबेटर खुळा झालाय, काहीही तापमान दाखवतो.”

“काढतो सर.”

चौगुल्यांनी काढले नाहीत, झाकले. गिऱ्हाइकाचं काही पुसायचं नाही, झाकायचं, हा त्या ओळीतल्या सगळ्याच डीटीपीवाल्यांचा शिरस्ता होता. अनुभवानं पडलेला. सर आज काढा म्हणतात आणि उद्या येऊन म्हणतात, आधीचं होतं तेच बरं होतं की ओ. पुसलेलं परत आणायचं तर अर्धा दिवस जातो. झाकलेलं असेल तर पांढरा चौकोन उचलला की झालं. कागदावर दिसत नाही ना, मग नाही. छापणाऱ्या माणसाचा हा हिशेब चाळीस वर्षं बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी पद्मजा मगदूम प्रूफ बघायला आली. अठ्ठावीस वर्षांची, सडपातळ, पिशवीत पाण्याची बाटली आणि तीन रंगांची पेनं. पान एकशे अकरावर ती बराच वेळ थांबली.

“इथं ठिपके होते ना?”

“सरांनी काढायला सांगितले.”

“तुम्ही काढलेत?”

“हो.”

तिनं पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं आणि पानाच्या कोपऱ्यात सही केली. महिन्यानं ती बांधणीसाठी आली, मग कुठल्याशा परिषदेच्या पोस्टरसाठी आली, मग काहीही काम नसताना आली. पुढच्या वैशाखात लग्न झालं. मगदूम आणि चौगुले दोघेही जैन, दोन्ही घरं सांगलीकडची, त्यामुळे विरोध करायला कुणाला काही सापडलं नाही. पान एकशे अकराविषयी दोघांत पुन्हा कधी अक्षर निघालं नाही.

आयुष्यात हा एकच प्रबंध चौगुल्यांनी वाचला होता. कारण उघड आहे. त्यातलं फारसं कळलं नव्हतं, पण परिशिष्टातली एक ओळ कळली होती. ती ओळही नंतर सरांच्या सांगण्यावरून गेली. ‘तापमान वेगळ्या तापमापीने प्रत्येक वेळी पडताळले.’ म्हणजे इन्क्युबेटर खुळा असेल नाहीतर शहाणा, ठिपके खरे होते. हे चौगुल्यांना माहीत होतं, आणि पद्मजाला तर होतंच.

मंगळवारचा सगळा दिवस त्यांनी एका निर्देशिकेची पानं जुळवत काढला. एकच पान तीनदा जुळवलं. वणकुद्रे सरांवर ढकलावं तर सर वारून नऊ वर्षं झाली होती, आणि कायद्यात जबाबदारी सही करणाऱ्याची होती. पद्मजाची प्रूफावर सही होती. बुधवारी दुपारी त्यांनी उत्तर लिहिलं.

‘नाही. सदर ठिपके मोजमापाचे नव्हते. आधीच्या गिऱ्हाइकाच्या आलेखावरून अक्ष उचलून नवीन आलेख बसवला, त्यातले जुने सहा ठिपके माझ्या नजरचुकीने राहिले. लक्षात आल्यावर ते झाकले. संशोधक महिलेस याची कल्पना नव्हती.’

ही चूक या धंद्यात होते. अक्ष दरवेळी नव्यानं कोण आखणार, जुन्या फाइलवरूनच सगळे उचलतात. केंद्राला ते पटणार याची चौगुल्यांना खात्री होती. चौगुल्यांच्या हातून मात्र ती कधी झाली नव्हती, आणि न केलेल्या चुकीखाली सही करताना त्यांना फार लाज वाटली. पण सही केली. दुसऱ्या पानावर काही बारीक मजकूर होता. लोकांचा बारीक मजकूर जुळवण्यात आयुष्य गेलेल्या या माणसानं तो वाचला नाही.

दिवस मावळायच्या आत जेवायचं ही घरातली पद्धत, म्हणून साडेपाचला दोघं ताटावर बसले. पद्मजानं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

“आज दुकानात काही विशेष?” तिनं विचारलं.

“काही नाही. नेहमीचंच. तुझ्याकडे?”

“काही नाही.”

चौगुल्यांना मनातून बरं वाटत होतं. बायकोवर आलेलं संकट तिला कळायच्या आत परतवलं होतं, आणि तेही एक शब्द न बोलता. त्यांनी अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

शुक्रवारी सकाळी दोघं चहा घेत असताना दोन्ही फोन एकाच वेळी वाजले. केंद्राचा निर्णय होता. दोन निवेदनं परस्परविरोधी. संशोधकाचं निवेदन, होय. आकृतीकाराचं निवेदन, नाही. त्यामुळे ठिपके अग्राह्य. संशोधकानं खरी मोजमापं प्रबंधातून वगळल्याचं स्वतः मान्य केलं आहे, त्यामुळे पदवी रद्द करण्याविषयी विद्यापीठाला कळवण्यात येत आहे.

चौगुल्यांनी ते दोनदा वाचलं. पद्मजानं एकदाच वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

“तुम्ही नाही लिहिलंत?”

“तुलापण नोटीस होती?”

“दोघांनाही वेगवेगळी पाठवतात, साक्ष जुळते का बघायला. एकमेकांशी बोलू नका म्हणून दुसऱ्या पानावर लिहिलं होतं. वाचलं नाहीत?”

“नाही.”

“आणि लिहिलंत काय नक्की?”

त्यांनी सांगितलं. जुन्या फाइलवरून अक्ष उचलल्याचं सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की पद्मजाला पुढं वाकावं लागलं.

“तुझ्यासाठी केलं गं,” ते म्हणाले.

“ते कळतंय मला. म्हणून तर जास्त राग येतोय.” ती उठली, कप उचलले, पुन्हा खाली ठेवले. “अहो, दरवर्षी मी पोरांना शिकवते, चव्वेचाळीसच्या वर बी मरतं. पुस्तकात तेच आहे, परीक्षेत तेच विचारतात. शिकवताना मला माझेच ठिपके डोळ्यांसमोर दिसतात. अठ्ठावीस वर्षं झाली. सरांना मी तेव्हा एकदा म्हटलं होतं, सर, मी दुसरी तापमापी लावून बघितलंय. ते म्हणाले, मगदूम, तुला पदवी हवी आहे की वाद? मला पदवी हवी होती. मंगळवारी नोटीस आली तेव्हा खरं सांगू का, मला हलकं वाटलं. पदवी जाऊ दे, पण निदान ते दाणे तरी मातीत पडतील म्हटलं. बुधवारी सकाळी दहा वाजता लिहून टाकलं.”

“मला एका शब्दानं बोलायचंस.”

“तुम्ही बोललात?”

चौगुल्यांनी निर्णय तिसऱ्यांदा उघडला.

“इतकी वर्षं दोघं गप्प बसलो ते कसं छान जुळलं,” पद्मजा म्हणाली. “बोललो ते वेगवेगळं बोललो. आता पदवीपण गेली आणि ठिपकेपण गेले. सगळं फुकट.”

ती रडेल असं त्यांना वाटलं. ती रडली नाही. विभागात जायची साडी नेसून खाली उतरली आणि चालत गेली.

निवेदन मागे घेता येतं हे चौगुल्यांनी त्या दिवशी दुपारी शोधून काढलं, या वेळी सगळी पानं वाचून. सात दिवसांच्या आत समक्ष हजर राहायचं आणि खरं ते लिहून द्यायचं. सोमवारी सकाळी ते जिल्ह्याच्या गावी केंद्राच्या कार्यालयात गेले. पद्मजा बरोबर गेली, कारण तिचीही सही लागणार होती. एसटीत शेजारी बसून दोघं दोन बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर बघत होते.

कार्यालयात मैत्रेयी पांगारे नावाच्या अधिकारी होत्या. तिशीच्या, बोलायला मऊ, कामाला पक्क्या. त्यांनी फाइल उघडली आणि पडद्यावर आकृती चार पूर्णांक सात आली. पांढरा चौकोन बाजूला सरकवल्यावर सहा काळे ठिपके दिसले, वर चढत गेलेले. चौगुल्यांनी सवयीनं बघितलं, कडा अगदी स्वच्छ होत्या.

“काका, तुम्ही निवेदन मागे घेताय म्हणजे आधीचं खोटं होतं असं मान्य करताय,” पांगारे म्हणाल्या. “नियम अकरा तुम्हाला माहीत आहे ना?”

“वाचलाय. तुम्ही सांगा तरी.”

“आकृतीकारानं खोटं निवेदन दिलं तर त्याच्या सहीच्या सगळ्या आकृत्या अविश्वसनीय धरल्या जातात. आजपर्यंतच्या सगळ्या. तुमच्या नावावर दोन हजार एकशे सत्तेचाळीस प्रबंध आहेत. त्या प्रत्येकाला पत्र जाईल की तुमच्या आलेखांवर भरवसा ठेवता येत नाही, मूळ वह्या आणून दाखवा. ज्यांनी वह्या जपल्या असतील त्यांचं निभावेल. बाकीच्यांना त्रास होईल. आणि तुमचा परवाना जाईल.”

“आणि मागे नाही घेतलं तर?”

“तर नजरचूक म्हणून नोंद आहे, ती तशीच राहील. तुम्हाला काही होणार नाही.”

“बाईंची पदवी?”

“ती दोन्हीकडून जाते, काका. त्यांनी स्वतः लिहून दिलंय.” पांगारे पद्मजाकडे बघून ओशाळल्या. “सॉरी, मॅडम.”

“नको,” पद्मजा म्हणाली. खोलीत आल्यापासूनचा तिचा पहिला शब्द. “अहो, नका करू. चला घरी. माझं जायचं ते गेलं. तुमची तेहेतीस वर्षं कशाला घालवायची त्यात? आणि त्या दोन हजार लोकांनी काय केलंय?”

“काही नाही केलं,” चौगुले म्हणाले. “त्यातल्या कुणाच्याच आकृतीत मी खोटं काही घातलेलं नाही. वह्या बघितल्या की कळेलच.”

“ज्यांच्याकडे वह्या नाहीत त्यांनी काय करायचं?”

“ते मला माहीत नाही.”

खरोखरच माहीत नव्हतं. त्यांना भीती वाटत होती. तरी त्यांनी पांगाऱ्यांना विचारलं, “ठिपके खरे म्हणून नोंदले, तर बीजपेढी दाणे देईल?”

“देईल. सप्टेंबरात पेरता येतील. उगवतील की नाही ते कुणी सांगू शकत नाही.”

“असू दे. कुठं सही करायची?”

“महावीर,” पद्मजा म्हणाली. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना नावानं हाक मारली नव्हती. “मी नको म्हणतेय.”

गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं आणि वर विचारायचं नाही, एवढ्या एका गुणावर चौगुल्यांचं दुकान उभं होतं. घरातही तेच. बायको म्हणेल ते बरोबर धरून चालले होते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असायचं. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि सही केली. मग पद्मजानंही केली, कारण तिची झाल्याशिवाय त्यांची निरुपयोगी होती. परतीच्या एसटीत ती दुसऱ्या बाकावर बसली.

पत्रं बुधवारी गेली. गुरुवारी सकाळी दहाला दुकानातला फोन वाजायला लागला तो थांबेचना. परवान्याची चौकट चौगुल्यांनी आधीच उतरवून ठेवली होती, भिंतीवर तेवढाच चौकोन उजळ राहिला होता. पहिला फोन गडहिंग्लजच्या एका प्राध्यापकाचा. त्यानं सरळ शिव्या घातल्या. दुसऱ्या बाईंच्या बढतीची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती, त्या बोलता बोलता रडायला लागल्या. तिसरे एक निवृत्त प्राचार्य होते, चौगुल्यांच्या लग्नाला आलेले. ते शांतपणे म्हणाले, “चौगुले, तुम्हाला मी घरचा माणूस समजत होतो.” एवढंच बोलून त्यांनी ठेवला. प्रत्येकाला चौगुले सांगत होते, हो, माझ्याच हातून झालं, तुमच्या आकृतीत चूक नाही, पण माझ्यावर भरवसा ठेवायला आता कुणी तयार नाही. प्राचार्यांच्या फोननंतर मात्र त्यांच्यानं फोन उचलवेना. तो वाजत राहिला आणि ते त्याच्याकडे बघत बसले.

पद्मजा दारात उभी होती. विद्यापीठानं तिला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं. सोमवारपासून मीठ दे, दार लाव, याच्या पलीकडे ती त्यांच्याशी बोलली नव्हती. ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. आत येऊन तिनं गिऱ्हाइकाच्या खुर्चीवरचे कागद उचलून खाली ठेवले, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि फोन उचलला.

“चौगुले डीटीपी. बोला.”

पलीकडचा आवाज चढलेला होता. मग तो एकदम उतरला. “मगदूम मॅडम का? डॉक्टर मॅडम? मी मॅडम, आपला विद्यार्थी, चोवीस सालचा.”

“डॉक्टर नाही आता. पद्मजा चौगुले. तुमचं नाव सांगा आधी... विषय?... तुमच्या मोजमापांच्या मूळ वह्या आहेत का?... गावाकडे माळ्यावर आहेत म्हणता, उंदरांनी खाल्ल्या नसतील तर. बरं. आहेत तेवढ्या घेऊन या. ठिपकान् ठिपका वहीशी ताडून बघू आणि जुळेल तेवढ्याचा दाखला कसा मिळवायचा ते बघू... मी बघणार, हो. आकृती ते उघडतील, वही मी वाचीन... कधीही या. दोघंही इथंच आहोत.”

तिनं फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजायला लागला. चौगुल्यांचे डोळे भरून आले.

“माझा राग गेलेला नाही,” पद्मजा त्यांच्याकडे न बघता म्हणाली. “पेन द्या इकडं. नाव लिहायचंय त्याचं.”